केराचा डबा निवडण्याबाबत

७ जानेवारी

तुमच्या आई काल सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी पडल्या. हाड मोडलेलं नाही. डॉक्टरांनी फोटो काढून खात्री केली. उजव्या मांडीपासून कमरेपर्यंत मुका मार आहे, तो उतरायला वेळ लागेल. हे तुम्हाला कळवणं माझं काम आहे म्हणून लिहिते आहे. एरवी लिहिलं नसतं.

मायना घातलेला नाही. काय घालावा ते ठरेना, आणि त्यातच दोन कागद वाया गेले.

फोन का केला नाही असं तुमच्या ताई विचारतील. फोनवर तुम्ही 'बरं' म्हणता, आणि ते होकाराचं, नकाराचं की नुसतं ऐकल्याचं, हे मला लग्न झाल्यापासून कळलेलं नाही. कागदावर निदान तुम्हाला वाक्य पुरं करावं लागेल.

आता झालं कसं ते. दाराशेजारी केराचा डबा असतो, तुम्हाला आठवत असेल. हॉस्पिटलच्या स्टोअरमधून मी लिलावात घेतलेलं ते साबणाच्या पावडरीचं पिंप. त्याचा तळ गंजून सुटला, म्हणून दिवाणखान्यातल्या जुन्या पंख्याबरोबर ते मी भंगारवाल्याला दिलं आणि नवा डबा आणला. प्लॅस्टिकचा, पायाने दाबून उघडायचा. हॉस्पिटलात असले डबे मी गाडीभर मागवले आहेत आणि एकाचीही तक्रार माझ्या टेबलावर आली नव्हती. आई म्हणतात, त्या डब्याला त्या अडखळल्या.

"अडखळले गं. डबा आडवा आला."

"डबा चालत आला का?"

"नवा आहे ना. त्याला अजून आपली जागा कळलेली नाही."

कळ सोसत असताना हे बोलणं. मी त्यांना गप्प पडून राहायला सांगितलं.

पण एका गोष्टीचा अर्थ मला लागत नाही. अडखळून पडलं माणूस, तर डबा कलंडायला हवा, केर बाहेर सांडायला हवा. डबा जागच्या जागी उभा होता. झाकण आत दबलेलं, पायाची दांडी वाकलेली आणि केर सगळा आत. म्हणजे मार वरून बसलेला आहे. स्टोअरमधल्या मालाचं नुकसान पाहून ते कसं झालं हे सांगण्यात माझी सगळी नोकरी सरली. इथे मला सांगता येत नाही.

संध्याकाळी ताईंचा फोन येऊन गेला. "डब्यावरून पाडलंस होय माझ्या आईला!" इथून सुरुवात. मग म्हणाल्या, तुम्ही आता निवृत्त झाला आहात, तळमजल्यावर घर घेतलं आहे, आणि आईंना कायमचं तिकडे न्यायचं तुमच्या मनात आहे. तुमच्या मनातलं मला नेहमी दुसऱ्याच्या तोंडून कळतं. तुमचं स्वतःचं म्हणणं काय ते स्वच्छ लिहा. आईंना अजून सांगितलेलं नाही.

डबा नवा घ्यावा लागेल. टिकाऊ म्हणजे नेमका कसा, याचा विचार चालू आहे.


१९ जानेवारी

तुमचं पत्र पोचलं. चार ओळी. "आईला घेऊन जातो. इथे पायऱ्या नाहीत. कधी येऊ ते कळव. डब्याचं तुला जास्त कळतं."

वाक्यं पुरी आहेत, याबद्दल आभार.

शेवटच्या वाक्याबद्दल. मलाही तसंच वाटत होतं. दुसरा डबा आणला तो झुलत्या झाकणाचा, म्हणजे पायाची दांडी नको आणि ती वाकायला नको. उंच, जाड प्लॅस्टिकचा. आठवडाही धड गेला नाही. झाकण आत पडलेलं सापडलं, दोन्ही बाजूंच्या खुंट्या तुटून. आई तेव्हा काठी घेऊन घरातल्या घरात चालायला लागल्या होत्या.

"मांजर असेल," त्या म्हणाल्या.

"मांजराचं वजन ते केवढं?"

"तू पाहिलंस का हल्ली त्याला? खालची बाई त्याला जावयासारखं खाऊ घालते."

स्वयंपाकघराची खिडकी मी बंद ठेवायला सुरुवात केली आहे. मांजर दोनदा काचेशी येऊन बसून गेलं. बारीक आहे. खालच्या बाईंना विचारलं, तर त्या उलट मलाच म्हणाल्या की आमचं मांजर तुमच्याकडे येऊन उपाशी परत येतं. मी त्या भांडणात पडले नाही.

आता येण्याची तारीख. ती मी आज कळवत नाही. मुका मार आहे, प्रवासात गाडी हादरते. डॉक्टर नको म्हणाले. खरं तर डॉक्टरांना मी विचारलेलं नाही, पण विचारलं तर तेही नकोच म्हणतील.

आईंना तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा मागितला आणि स्वतः एकदा वाचलं, मी काही गाळलं तर नाही ना ते पाहायला. मग घडी घालून उशीखाली ठेवलं आणि म्हणाल्या, "अक्षर बिघडलं त्याचं."

"जायचं का तुम्हाला?"

"मला काय विचारतेस? तुम्ही दोघं ठरवा."

तुम्ही दोघं, असं त्या म्हणाल्या. तुमची बदली झाली, मी नोकरी सोडून यायला तयार नव्हते, तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाहीत. आई तेव्हा "घर लागेपर्यंत राहते हिच्याकडे" म्हणून मागे राहिल्या. तुमचं घर कधीच लागलं असेल. त्यांना न्यायचं तुम्ही बोलला नाहीत, मी काढलं नाही, त्यांनी विचारलं नाही. या सगळ्यात आम्ही दोघी एका घरात म्हाताऱ्या झालो, म्हणजे त्या झाल्या आणि मी होते आहे. तेव्हा 'तुम्ही दोघं' म्हणजे कोण, हे मला त्यांना विचारायचं होतं. विचारलं नाही.

माझी अडचण अशी आहे. घर माझ्या नावावर आहे आणि आई तुमच्या आहेत. मी त्यांना ठेवून घ्यायचं म्हटलं तर कुठल्या नात्याने? आणि पाठवायचं म्हटलं तर पाठवणारी तरी मी कोण? स्टोअरला वस्तू देताना-घेताना दोन्ही बाजूंना माणसं असायची, हुद्दे असायचे. इथे माझ्या बाजूला काय लिहायचं ते मला कळत नाही.

~~त्या गेल्या तर~~

वरची ओळ खोडली आहे. वाचायचा प्रयत्न करू नये.

तिसरा डबा स्टीलचा घ्यावा असं ठरवलं आहे.


२ फेब्रुवारी

हे पत्र लांबेल. लागलं तर दोन बैठकीत वाचा.

स्टीलचा डबा आणला. वर ताटलीसारखं झाकण, आत काढता येणारी बादली, खाली रबराची कड. दुकानदाराने तो माझ्यासमोर बोटाने वाजवून दाखवला. "बाई, हा तुमच्यामागे नातवंडं वापरतील." मी म्हटलं, नातवंडं नाहीत, वर्षभर टिकला तरी पुरे. परवा सकाळी पाहते तो झाकण मधोमध खोलगट. बशीची वाटी झालेली.

मी ते झाकण पिशवीत घातलं आणि दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. दुकानदाराने झाकण हातात घेतलं, उजेडात धरलं, उलटं केलं.

"बाई, हे कुणीतरी बसून झालंय."

"माझ्या घरात केराच्या डब्यावर कुणी बसत नाही. आम्ही दोघी आहोत आणि घरात खुर्च्या सहा आहेत."

"मग माणूस न बसता झालं असेल," तो म्हणाला आणि झाकण मला परत दिलं. "पण आकार माणसाचा आहे."

दुकानातले आणखी दोघे हसले. मी हसले नाही. घरी आले ती चिडूनच. झाकण डब्यावर ठेवलं, नेहमीप्रमाणे गॅस पेटवला, भाजी चिरायला घेतली. पाठीमागून आईंचं बोलणं सुरू झालं. ते रोजचंच. मी ओट्याकडे तोंड करून काम करते आणि त्या दाराशी उभ्या राहून बोलतात. खालच्या बाईंची सून कशी दार आपटते, पेपरात कुणाचा फोटो आला, तुम्ही लहान असताना शाळेतून पळून कुठे लपला होतात. मी मधूनमधून 'हं' म्हणते. इतकी वर्षं हे असंच चालत आलं आहे. त्या उभ्या असतात, असं मी धरून चालले होते. तसं मला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि मीही पाहिलेलं नव्हतं.

बोलताबोलता मागे 'टण्' असा आवाज झाला. दुकानदाराने डबा वाजवून दाखवला तेव्हा हाच आवाज मी ऐकला होता. गॅस चालू ठेवून मी तशीच गर्रकन वळले.

तुमच्या आई केराच्या डब्यावर बसल्या होत्या. दोन्ही हात गुडघ्यांवर, काठी भिंतीला टेकवलेली, बस यायची वाट पाहणाऱ्या माणसासारख्या निवांत. मला पाहून त्या दचकल्या नाहीत. रागावल्या.

"गॅस बंद न करता कशी वळलीस?"

मी हातातली सुरी ओट्यावर ठेवली.

"तू आधी बटण फिरवतेस. त्याचा आवाज होतो. मग मी उठते. आज काय झालं तुला?"

"कधीपासून बसता तुम्ही इथे?"

"पिंप आलं तेव्हापासून. छान होतं पिंप. भंगारात घातलंस."

"मी सांगितलं होतं ना, केराच्या डब्याला हात लावायचा नाही म्हणून?"

"हात कुठे लावला? बसले."

यावर मी गॅस बंद केला. सवयीने. बटण वाजताच त्या खरंच उठल्या, काठी न घेता, आणि कळ आली म्हणून पुन्हा खाली बसल्या. झाकण आणखी थोडं आत गेलं.

म्हणजे त्या दिवशी अडखळण्याचा प्रश्नच नव्हता. पायाने दाबायच्या त्या डब्यावर त्या पिंपासारख्या विश्वासाने बसल्या आणि तो त्यांच्यासकट दबला. पडल्यावर दुखण्याआधी त्यांना भीती वाटली ती ताईंची. डब्यावर बसून पडले म्हटलं तर "हिला आता एकटीला ठेवण्यात अर्थ नाही" असं ताई म्हणणार, म्हणून डबा आडवा आला. मांजरही त्यांनीच आणलं.

"खुर्ची घ्यायची होती," मी म्हटलं.

"या दारात खुर्ची मावते का? आणि तूच म्हणालीस, स्वयंपाकघरात पायात काही यायला नको."

"मग मला सांगायचं. स्टूल आणलं असतं."

"म्हणून तर नाही सांगितलं. स्टुलावर बसलं की माणूस दमलेलं दिसतं. तू लगेच म्हणतेस, दमलात तर आत जाऊन पडा. आत जाऊन कुणाशी बोलू, पंख्याशी? डब्यावर बसलेलं माणूस सहज टेकल्यासारखं दिसतं."

"पण मला तर तुम्ही दिसतच नव्हता. मी पाठमोरी होते."

"मला दिसत होते ना मी," आई म्हणाल्या.

याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. तुम्हाला लागला तर कळवा. मुलगा तुम्ही आहात.

येण्याबद्दल विचारलंत. आता डबा घेतल्याशिवाय काही सांगता येणार नाही. तोवर त्यांना त्या स्टीलच्या डब्यावर बसायला मी बंदी केली आहे आणि त्या उभ्या राहून मला शिक्षा करताहेत.


९ फेब्रुवारी

बसण्याजोगा केराचा डबा मिळत नाही.

स्टूल मिळतं. झाकणाचं स्टूल मिळतं, त्यात उशा ठेवतात. कचरा टाकायचा मोठा चाकांचा डबा मिळतो, तो वजन पेलतो, पण त्याच्यावर बसलं की तो चालायला लागतो. चार दुकानं झाली. शेवटी पहिल्याच दुकानदाराकडे गेले, कारण निदान त्याला प्रकार ठाऊक होता.

"कचऱ्याचं वजन किती असेल, बाई?"

"पंचेचाळीस-सेहेचाळीस किलो. वरून."

त्याने मान डोलावली आणि पुढे काही विचारलं नाही. माळ्यावरून एक डबा खाली उतरवला. कारखान्यांसाठी येतो म्हणाला. जाड पत्रा, सपाट झाकण, कड आत वळवलेली, तळाशी चार जाड बुटकी पावलं. रंग करडा, कुणालाही आवडणार नाही असा. मी झाकण उघडून पाहिलं, बिजागरी पाहिली, सांध्यावरून बोट फिरवलं. पण बसण्याबद्दल बोट काय सांगणार? म्हणून मी दुकानात, लोकांसमक्ष, त्यावर बसले.

डबा हलला नाही. माझं वजन आईंपेक्षा बरंच जास्त आहे.

तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण मी लगेच उठले नाही. दुकानदार माझ्याकडे पाठ करून माळ्याची शिडी आवरत होता. त्याच्या पाठीकडे पाहताना मला वाटलं, इथून बोलायला सोपं आहे. आणि मी बोलले. मी म्हटलं, "घरातलं एखादं माणूस न्यायला त्याचे लोक येणार असतील आणि आपल्याला ते जायला नको असेल, तर आपण कुठल्या हक्काने नको म्हणायचं?"

तो वळला. त्याने पावतीपुस्तक पुढे ओढलं.

"बाई, बिल कुणाच्या नावाने करू?"

"माझ्याच," मी म्हटलं आणि उठले.

घरी आणून डबा दारापाशी ठेवला. आईंनी आधी काठीने त्याला ढोसलं, मग तळहाताने दाबलं, मग मी 'हात लावू नका' म्हणते का म्हणून थांबून पाहिलं. मी ओट्याकडे वळले. पाठीमागे त्या बसल्याचा आवाज झाला नाही, इतका तो डबा भक्कम आहे. पण थोड्या वेळाने बोलणं सुरू झालं. डबा दिसायला तुरुंगातला वाटतो, ही तक्रार पहिली.

तेव्हा आता स्वच्छ लिहिते, कारण तुमच्याकडूनही मी तेच मागितलं होतं. तुम्ही येऊ नये. आईंना इथेच राहू द्यावं. पायऱ्या आहेत, पण फोटो काढायला नेलं तेवढं सोडलं तर त्या पायऱ्या उतरून आई गेली कित्येक वर्षं कुठे गेलेल्याच नाहीत, त्यामुळे पायऱ्यांचा त्रास त्यांना नाही. पडण्याचं कारण सापडलं आहे आणि दूर केलं आहे. नातं कुठलं, ते विचारू नका. मी ते शोधते आहे.


२१ फेब्रुवारी

मागचं पत्र रद्द समजावं.

तुम्ही परवा आईंना फोन केलात. मी बाजारात होते. परत आले तेव्हा त्या डब्यावर नव्हत्या, आतल्या खोलीत पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सगळ्याच कपड्यांच्या.

"तो एकटा आहे गं," आई म्हणाल्या.

मी म्हटलं, तो कित्येक वर्षं एकटा आहे.

"तेव्हा सांगत नव्हता. आता सांगतोय."

"काय म्हणाला?"

"काही नाही. 'बरं' म्हणाला. पण असं म्हणाला की मला कळलं."

त्यांना कळतं. मला त्याचं आश्चर्य वाटलं आणि थोडा रागही आला. एवढं बारीक ऐकू येणारी ही बाई, मी बोलले की "काय म्हणालीस?" म्हणून दोनदा विचारते.

मग त्या घड्या घालत राहिल्या आणि मी उभी राहिले. मला एक साधी गोष्ट बोलायची होती. दोन शब्दांची होती. तुम्ही एकटे आहात असं त्या म्हणाल्या, तेच मला माझ्याबद्दल विचारायचं होतं. त्याऐवजी माझ्या तोंडून आलं, "तिकडे केराचा डबा कसला आहे, विचारलंत का?"

आईंनी घडी हातातच ठेवून माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं. मला खात्री नाही. त्या म्हणाल्या, "तिकडे जाऊन बघते. मोडका असला तर तुला कळवते."

"आणि नसला तर?"

"तरी कळवते."

मी तिथून निघून गेले. ताटं, भांडी, ओटा सगळं घासलं, घासायचं नव्हतं तेही. संध्याकाळी खालच्या बाई आल्या होत्या, त्यांना आई मोठ्याने सांगत होत्या, "जाऊन येते मुलाकडे." जाते म्हणाल्या नाहीत. पण 'जाते' असं कुणीच म्हणत नाही, दारातून बाहेर पडणारा प्रत्येक जण 'येतो' म्हणतो. तुम्हीही म्हणाला होतात. त्यामुळे त्यावरून काय धरायचं?

मला हे सगळं नीट समजलेलं नाही. आईंनी जावं असं मी कितीदा म्हटलं असेल, मनात आणि चारचौघांतही. माझा ओटा, माझी वेळ, कुणी पाठीमागे बोलणारं नाही. ताईंना विचारा, मी त्यांनाही एकदा म्हटलं होतं. आता आई स्वतः निघाल्या आहेत, कुणी पाठवत नाही, कुणी हिसकावून नेत नाही, तर माझी तक्रार कुणाविरुद्ध आहे? तुमच्याविरुद्ध धरावी म्हटलं तर तुम्ही फक्त 'बरं' म्हणालात.

येता सोडून पुढच्या रविवारी या. सकाळची गाडी घ्या. दुपारच्या उन्हात त्यांना चक्कर येते. जेवून, उन्हं उतरल्यावर निघा. माझ्याशी काही बोलायचं असेल तर बोला. नसेल तर चालेल.


४ मार्च

काल तुम्ही आलात आणि गेलात. जे बोलणं झालं नाही त्याबद्दल हे पत्र नाही. बोलणं थोडं झालं, तेवढं पुष्कळ होतं. तुम्ही बारीक झाला आहात. केस पुढून गेले आहेत. मी काय झाले आहे ते तुम्ही पाहिलं असेलच, सांगू नका.

दोन गोष्टी मात्र मी लिहून ठेवते, कारण त्या मला पुन्हापुन्हा आठवताहेत आणि का, ते कळत नाही. पहिली, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलात तेव्हा आई डब्यावर होत्या, त्या उठल्या, आणि तुम्हाला म्हणाल्या, "बस." तुम्ही बसलात. मी ओट्यापाशी होते, वळले नाही. मी कणीक मळून बाजूला ठेवली. मग तुम्ही म्हणालात, "इथून तुझी पाठ दिसते." मी 'हं' म्हटलं. पुढे काय म्हणणार होतात?

दुसरी, जिन्यात. आईंचा एक हात तुमच्या खांद्यावर आणि दुसरा कठड्यावर होता. मधल्या वळणावर त्या थांबल्या आणि वर पाहून मला म्हणाल्या, "आत जा. दूध गॅसवर आहे." दूध गॅसवर नव्हतं. मी आत गेले.

गडबडीत सामान देताना नोंद झाली नाही. माझ्या हातून गेलेली कुठलीही वस्तू आजवर नोंदीशिवाय गेलेली नाही. म्हणून खाली दिली आहे. दोन प्रती आहेत, एक ठेवून घ्या, एक सही करून पाठवा.

तुमच्या ताब्यात दिले, ते असे:

आई. उजव्या मांडीवरचं काळंनिळं आता पिवळं होत आलं आहे. चालताना डाव्या हाताला आधार लागतो. आधार नसला की त्या थांबतात आणि काहीतरी बघत असल्यासारखं करतात. अशा वेळी हात पुढे करू नये, नुसतं शेजारी जाऊन उभं राहावं. हात त्या आपण होऊन धरतात.

कपड्यांची बॅग. घड्या त्यांच्या स्वतःच्या आहेत. मोडल्यास तशाच घालता येणार नाहीत.

रक्तदाबाच्या गोळ्या. सकाळी एक. विचारलं की घेतली म्हणतात. समोर उभं राहून द्यावी.

वाचायचा चष्मा, आणि दुसरा जुना, काडी बांधलेला. जुन्यानेच नीट दिसतं असा त्यांचा हट्ट आहे. वाद घालू नये.

काठी. बरी झाले म्हणून टाकून देतील. टाकू देऊ नये.

बोलणं. स्वयंपाकाच्या वेळी, पाठीमागून. उत्तर लागत नाही, पण माणूस समोर लागतं. तुम्हाला स्वयंपाक येत नसेल तर शिकावा.

केराचा करडा डबा दिलेला नाही. तो इथल्या वापरात आहे.

देणारी: सून.

घेणारा:

शेरा: कायमचे दिलेले नाही. त्यांनी स्वतः म्हटल्यास कारण न विचारता परत आणून सोडावे. सोबत आणणाऱ्याने जेवून जावे.